बाराव्या अंकाचा ठसा

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता संग्रहालयाच्या अधिकारीबाई ठसा मागायला आल्या आणि आजोबांनी त्यांच्यासमोर दोन ठसे ठेवले.

दोन्ही लाकडाचे, वीतभर लांब. एकात शाई इतकी मुरलेली की लाकूड ओळखू येत नव्हतं. दुसऱ्याला शाईचा थेंबही लागलेला नव्हता. दोन्हींवर तीच पाच अक्षरं होती, पण आरशात पाहावीत तशी एकमेकांच्या उलट.

आजोबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यांसाठी ठसे कोरले: साबणाच्या वड्या, दुकानांच्या पाट्या, सर्कशीतले हत्ती. शहर त्यांना ओळखतं ते मात्र अकरा अंक चाललेल्या एका साप्ताहिकामुळे. या खोऱ्यातली माणसं म्हणजे राजेरजवाड्यांच्याही आधीचं, तीन हजार वर्षांपूर्वीचं राष्ट्र आहे, असं ते साप्ताहिक सांगत असे. नदीकाठी एक कोरीव शिळा होती. तिच्यावरची पाच अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती. ते राष्ट्राचं नाव आहे, असं संपादक मानत. अंकाच्या माथ्यावर तीच अक्षरं घ्यायचं ठरलं.

संपादकांनी शिळेवर ओला कागद दाबून, वाळवून, काढून आणला होता. अक्षरं कागदावर उठून आली होती. ती नीट दिसावीत म्हणून त्यांनी वर कोळसा फिरवला होता. ठसा नेहमी उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो सुलट छापतो. आजोबांनी अक्षरं काळजीपूर्वक उलटी करून घेतली आणि कोरली. चूक तिथेच झाली. कोळसा फिरवला होता ती दगडाला चिकटलेली बाजू, म्हणून तिच्यावरची अक्षरं आधीच उलटी होती. एखाद्या शिकाऊने कागद तसाच लाकडावर चिकटवून कोरला असता, तर बरोबर छापलं असतं.

सातव्या अंकापर्यंत कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मग एका रविवारी आजोबा आजींना घेऊन शिळा पाहायला गेले. आजींनी पिशवीतून अंक काढून शिळेशेजारी धरला आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या अक्षरांचं तोंड तिकडे का?"

दुसऱ्या दिवशी आजोबांनी संपादकांना सांगितलं. तोवर लोकांनी अंक चौकटीत बसवून घरोघरी लावले होते. संपादक म्हणाले, "दुसऱ्यांनी दाखवायच्या आत आपण सांगू. पहिल्याच पानावर. दुसरा ठसा कर, घाई नको." नव्या ठशाला महिना लागला. बारावा अंक ज्या गुरुवारी निघायचा, त्या सकाळी सात वाजता छापखान्याला सरकारी सील लागलं. संपादकांना नेलं. दोन वर्षांनी ते तुरुंगातच वारले.

पुढे धरण झालं, शिळा पाण्याखाली गेली. मग सरकार बदललं आणि पाच अक्षरं शाळांच्या फाटकांवर, बसगाड्यांवर, नातीच्या गणवेशावर आली. अंकावरूनच उचललेली, म्हणून तीही उलटीच. आजोबा गप्प राहिले. आपली माणसं पडत्या काळात होती तेव्हा विरोधकांच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं, आणि चांगले दिवस आल्यावर कोणी विचारलंच नाही, एवढंच ते सांगतात.

मंगळवारी विचारायला कोणीतरी आलं होतं. साप्ताहिकाच्या पन्नाशीनिमित्त प्रदर्शन होतं आणि मूळ ठसा मधोमध मांडायचा होता. आजोबांनी सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, मध्येच लिहायचं थांबवलं, परत लिहायला लागल्या.

त्या गेल्यावर मुलाने आवाज चढवला नाही, पण बोलायचा राहिला नाही. लोक रस्त्यात थांबून बाबांच्या पाया पडतात, ते बंद होईल. पोरीला शाळेत ऐकून घ्यावं लागेल. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबा. उघडून काय मिळणार?"

"मूठ माझी एकट्याची नाही," आजोबा म्हणाले. "संपादकांनी पहिल्या पानावर सांगायचं कबूल केलं होतं. ते पान निघालं नाही म्हणून शब्द रद्द होतो का?"

सुनेने मध्ये पडून पाहिलं. शाईचा तेवढा द्यावा, कोरा घरी राहू द्यावा, प्रदर्शनात कोणाला कळतंय. आजींनी भाजी निवडता निवडता तिला सांगितलं, "अगं, यांच्या हातून आयुष्यात एकच काम चुकलं आणि तेच फाटकाफाटकावर लावलंय. माणसाला झोप कशी लागायची?"

गुरुवारी प्रदर्शनाच्या समितीने आजोबांना बोलावलं. पाच जण होते. अध्यक्षांच्या कोटावर त्याच पाच अक्षरांचा बिल्ला होता. शिळेचं छायाचित्र आहे का, विचारलं. नव्हतं. संपादकांचं पत्र? नव्हतं. मग पुरावा काय?

"मी पाहिलंय," आजोबा म्हणाले. "चुकलेला ठसाही माझा, बरोबरचाही माझाच. मला मान द्यायचा असेल तर दोन्हींचा द्या."

अध्यक्षांनी अतिशय आदराने विचारलं, की या वयात आठवणीत डावं-उजवं होऊ शकतं ना. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली, समोरच्या कागदावर अध्यक्षांचं नाव आरशातल्यासारखं उलटं, एका दमात लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

शुक्रवारी आजींचा जबाब वेगळा घेण्यात आला. तो दीड पान आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी नदीच्या बाजूला, म्हणजे अंकात छापली त्याच्या उलट होती, तिच्यात शेवाळ साचलं होतं आणि आपण ते नखाने काढलं, असं त्यात नोंदलेलं आहे. सही करण्याआधी आजींनी तो दोनदा वाचून घेतला आणि एक शब्द बदलायला लावला: "बहुधा" काढून "नक्की".

प्रदर्शन सोमवारी उघडायचं आहे. काल सायंकाळी पाच वाजेपर्यंत समितीचा निर्णय झालेला नव्हता. मधल्या काचेच्या पेटीत दोन्ही ठसे शेजारी शेजारी ठेवले आहेत. खाली माहितीचं कार्ड आहे, त्यावर अजून काही छापलेलं नाही.