पाठीमागची टकटक

मित्रांनो, मी एक जुनी, बिनछपराची जीप आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी फार दमले आहे. तेव्हा सांगता सांगता मध्येच मला दम लागला, तर घाई करू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या कितीतरी बहिणी रांगेने उभ्या होत्या. कुणी सैन्यात गेली, कुणी दवाखान्याच्या कामाला लागली. माझ्या वाट्याला आले एक दूरचे राष्ट्रीय उद्यान. दूर म्हणजे किती? तर आधी डांबरी रस्ता संपतो, मग विजेचे खांब संपतात, मग पाहुण्यांचे फोन मुके होतात, आणि त्याच्याही पुढे आमचे फाटक लागते. तिथे आल्यावर माझे छप्पर काढले. मागे एकाहून एक उंच अशी बाके बसवली, हिरवा रंग फासला आणि पाहुण्यांना धरायला चारी बाजूंनी एक लोखंडी दांडी जोडली.

माझे काम एकच, अर्ध्या दिवसाची सफर. उजाडता उजाडता फाटकातून आत शिरायचे. गवताचा माळ, तळे, मचाण, कड्याचे वळण, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परत. पाहुणे सकाळी मोठ्या उत्साहात असतात. पहिल्याच वळणावर विचारतात, "अस्वल कधी दिसणार?" जणू आम्ही अस्वलाला वेळ देऊन ठेवली आहे! त्यांना तळ्यावरची बदके दाखवा, झाडाच्या सालीवरचे नखांचे ओरखडे दाखवा, ते मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, "हो, पण अस्वल?" परतताना निम्मे पेंगतात आणि उरलेले बिस्किटांचे कागद माझ्या बाकाखाली सारतात.

नवी होते तेव्हा मला याचे काही वाटत नसे. तेव्हा माझे कौतुकही फार व्हायचे. फाटकावरच्या पाटीवर माझे चित्र होते. लहान मुले माझ्या चाकाशी उभी राहून फोटो काढून घेत. पुढे पाटीवरचे चित्र उन्हाने उडाले आणि नव्या, गुबगुबीत गाद्यांच्या गाड्या आल्या. आता ज्यांना त्यांच्यात जागा मिळत नाही, ते तोंड वाकडे करून माझ्यात बसतात.

मात्र पहिल्या दिवसापासून माझे चाक एकाच माणसाच्या हातात होते. त्यांना सगळे कप्तान म्हणत. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आणि बोलणे मोजके. त्यांची बायको लवकर गेली. घरात एकच लेक. ती माझ्याच बाकांवर खेळत मोठी झाली आणि माझ्याच बाकांवर उभी राहून पाहुण्यांना जंगल दाखवू लागली. पाहुणे तिला गाईडताई म्हणायचे. बाप पुढे चाकावर, लेक त्याच्या मागच्या बाकावर. फाटकामागच्या दोन खोल्यांत ते राहत. सकाळी दोघे मिळून मला धूत, तेव्हा त्या पाण्यानेही माझा शीण थोडा उतरत असे.

एकदा माळावर हरणे दिसली. ताई म्हणाली, "बाबा, थांबा." कप्तान थांबले नाहीत. ती पुन्हा म्हणाली. मी आपली चाललेलीच. पाहुणे हसले. पुढे मचाणापाशी थांबल्यावर कप्तान लेकीवरच डाफरले, "चालत्या गाडीत बोलत जाऊ नकोस. जनावरं बुजतात. छडीनं दांडीवर टकटक कर. एक टक म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे मागे घ्या." ताईच्या हातात झाडे दाखवायची छडी असे, तिच्या टोकाला लोखंडी टोपण होते. ती म्हणाली, "चांगली युक्ती आहे, बाबा."

त्या दिवशी पाहुण्यांना उतरवून आम्ही रिकामे परतत होतो. ताई मागून हळूच म्हणाली, "बाबा, आज जेवायला काय करू?" उत्तर नाही. तिने मोठ्याने विचारले. मग इतक्या मोठ्याने विचारले, की झाडावरचा कावळा उडून गेला. कप्तान आपले समोर बघत, गुणगुणत गाडी चालवत होते. ताईने डोळे पुसले आणि दांडीवर एकच टक वाजवली. ती टक दांडीतून सीटमध्ये, सीटमधून त्यांच्या पाठीत गेली. मी लगेच थांबले. ते मागे वळले, "काय गं?"

"काही नाही," ती मान हलवून म्हणाली, "चला."

मित्रांनो, ती गप्प का राहिली, ते मला ठाऊक होते. कचेरीच्या बाहेर एक बाक आहे. गुडघे गेले म्हणून चाकावरून उतरवलेले एक म्हातारे ड्रायव्हर रोज त्यावर येऊन बसत. प्रत्येक सुटणाऱ्या गाडीला ते हात करायचे. पुढे हात करणेही त्यांनी सोडले आणि नुसते बसू लागले. ताई ते रोज बघत होती. आपल्या बाबांना त्या बाकावर बसलेले तिला बघायचे नव्हते. आणि कप्तानांनाही तीच भीती होती. म्हणून बाप लेकीपासून जे लपवत होता, तेच लेक बापापासून लपवत होती, आणि दोघांना वाटत होते की समोरच्याला काहीच माहीत नाही. दरवर्षी डॉक्टर यायचे, डोळे तपासायचे, रक्तदाब मोजायचे. कानांकडे कोणी लक्ष देत नसे. पाहुणे तर खूशच होते. म्हणायचे, "काय शिस्त आहे! नाहीतर आमच्याकडचे ड्रायव्हर!"

असे करत बरेच दिवस निभावले. पण ताई थकत चालली होती. जंगलही दाखवायचे, पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरेही द्यायची आणि बाबांचे कानही व्हायचे. संध्याकाळी ती माझ्या बाकावर बसे, तेव्हा तिचे अंग माझ्यासारखेच ठणकत असणार.

मग ती सकाळ आली. त्या दिवशी पाहुणे मोजकेच होते. नोकरीतून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी आणि एक नवरा-बायको. नवऱ्याच्या बोटात चांगली जाड अंगठी होती. बायकोला धक्के सोसत नव्हते म्हणून ती पुढच्या बाकावर, ताईच्या शेजारी बसली आणि तो सगळ्यांत मागे. कड्याच्या वळणावर यायच्या आधी ताईने रोजचेच बजावले, "आता अगदी चिडीचूप. काहीही दिसलं तरी हाक मारायची नाही."

कड्याचे वळण अरुंद आहे. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल घळ. आम्ही तिथे पोचलो आणि घळीच्या पलीकडच्या उतारावर अस्वलीण आली, मागे दोन पिल्ले. ताईने एकच टक वाजवली. मी थांबले. चढावर बंद केले की मी पुन्हा चालू व्हायला फार नखरे करते, म्हणून कप्तानांनी इंजिन सुरूच ठेवले होते. सगळे श्वास रोखून बघत होते. एकट्या त्या बाई कॅमेरा भलतीकडेच रोखून बसल्या होत्या. मागे बसलेल्या नवऱ्याचा जीव खालीवर झाला. एवढे पैसे मोडून आलो आणि हिला अस्वल दिसत नाही! माणूस सरळ होता. हाक मारायची नाही म्हटल्यावर त्याने हाक मारली नाही. ताई करते तसेच त्याने केले. बायकोचे लक्ष वेधायला अंगठीने दांडीवर वाजवले. टक, टक, टक.

लोखंडाला काय, जो वाजवील त्याचा निरोप पोचवायचा. निरोप कप्तानांच्या पाठीत पोचला आणि त्यांनी मला मागे घेतले.

मागे येताना त्यांची नजर भिंतीकडच्या आरशात असे. घळीकडची राखण लेकीची, हे दोघांचे ठरलेलेच होते. पण ताई उभी होती. धक्क्याने ती बाकावर आपटली आणि छडी हातातून निसटून घळीत गेली. "थांबा! बाबा, थांबा!" ती ओरडली. दोघी बहिणी ओरडल्या, नवरा-बायको ओरडले. अस्वलीण पिल्लांना घेऊन झाडीत पळाली. तिलासुद्धा ऐकू गेले, एका कप्तानांना गेले नाही. माझे मागचे चाक रस्ता सोडून खाली उतरले आणि मी कलंडू लागले. तेव्हा ताईने झेप घेऊन दांडीवर मूठ आपटली. एकदाच, पण अशी, की बोटांची सालटी निघाली.

कप्तानांनी करकचून ब्रेक लावला. माझे एक चाक हवेत होते. मित्रांनो, त्या वेळी मला माझे सगळे वय आठवले.

एकेक जण पुढच्या बाजूने जपून उतरला. कप्तान मागे वळले. सगळ्यांची तोंडे हलताना त्यांना दिसत होती. "काय झालं?" ते लेकीला म्हणाले, नको तेवढ्या मोठ्याने. "तूच मागे घ्या म्हणालीस ना?"

"अहो, आम्ही एवढे घसा फोडून ओरडतोय," अंगठीवाले गृहस्थ म्हणाले, "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

ताई पटकन मध्ये पडली. "इंजिनाचा आवाज फार असतो इथे, त्यामुळे..."

कप्तान तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी हात वर करून तिला थांबवले. "नको, बाळ. नाही येत मला ऐकू." मग तिच्या रक्ताळलेल्या बोटांकडे बघून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

तिने मान डोलावली आणि ती रडू लागली. ते खाली उतरले, तिची बोटे आपल्या रुमालाने बांधली.  थोरली बहीण अंगठीवाल्याला दटावून म्हणाली, "आता बघत काय बसलात? दगड आणा, चाकाखाली लावू." सगळ्यांनी जोर लावला. कप्तानांनी मला शेवटचे रस्त्यावर आणले आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. "तू चालव. मी मागे बसतो."

फाटकावर उद्यानाचे मोठे साहेब उभे होते. गाईड चाकावर बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कप्तानांनी सगळे खरे सांगितले, पण शेवटी म्हणाले, "हिला यातलं काही ठाऊक नव्हतं, साहेब." पाहुणे खाली बघू लागले. साहेबांनी ताईला विचारले, "खरं का हे?" अंगठीवाले गृहस्थसुद्धा तिला डोळ्यांनी खुणावत होते, की हो म्हणून टाक.

"नाही, साहेब," ताई म्हणाली, "मला माहीत होतं. आज चार माणसं गेली असती."

कप्तानांचे चाक गेले. ताईचे कामही सबंध हंगामभर बंद झाले. कोणी म्हणाले, साहेब कडक आहेत. मी त्या घळीवर लोंबकळले होते, मला तसे वाटले नाही.

मला नवा ड्रायव्हर मिळाला. बरा आहे, पण दात ओठ खाऊन गिअर टाकतो. कप्तान पुष्कळ दिवस घराबाहेर पडलेच नाहीत. ज्याची भीती होती तेच झाले, असे मला वाटू लागले. ताईला मात्र आता बाबांना घेऊन लांबच्या शहरात जायला सवड होती, आणि लपवायचे काही उरले नव्हते. ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

एका दुपारी कप्तान माझ्याजवळ आले. कानात छोटेसे यंत्र होते. लेक बरोबर होती. ते चाकावर बसले, गाडी न्यायला नव्हे, नुसतेच, आणि किल्ली फिरवली. माझे इंजिन चालू झाले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"अगं, ही केवढी खडखडतेय!" ते म्हणाले. "किती दिवस अशी आहे?"

"दोन-तीन वर्षं झाली, बाबा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

 कप्तानांनी बाह्या सरसावून माझे झाकण उघडले आणि तिला म्हणाले, "बॅटरीचा उजेड धर जरा." तेव्हापासून ते रोज दुपारी गाड्यांच्या शेडमध्ये येतात. माझेच नव्हे, त्या गुबगुबीत गाड्यांचेही दुखणे ऐकतात. काही सकाळी गाड्या सुटताना त्यांना चाकाची फार आठवण येते, मग ते आमच्याकडे पाठ करून उभे राहतात.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येऊ लागले, कमी दिसू लागले, किंवा कोणी नुसतेच थकले, तर त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. समोर जाऊन बसा आणि विचारा. त्यांना वाईट वाटेलच. तेव्हा उठून जाऊ नका.