तीनची स्टेट कॉलेज

"आई, हळू."

राजसने सकाळपासून हे सातव्यांदा म्हटलं. शोभनाबाई मोजत होत्या. पहिल्यांदा न्यूयॉर्कजवळच्या आयसेलिनला, त्याच्या मित्राच्या हॉलमध्ये गाद्या गुंडाळताना. मग आगगाडीत, मग जमिनीखालच्या गाडीत, आणि आता बोटीच्या रांगेत. त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो, पिशवी उभी धरा, दशम्या आहेत त्यात." तेवढ्यावर पुढची चार माणसं वळून बघायला लागली.

"हळूच तर बोलले," त्या म्हणाल्या.

"आई, तुझं हळू म्हणजे इथली इमर्जन्सी असते."

यात खोटं काही नव्हतं. शोभनाबाई देशमाने एकतीस वर्षं बार्शीच्या एसटी स्टँडवर नोकरीला होत्या. पहिली चार वर्षं चौकशीच्या खिडकीत आणि पुढची सत्तावीस माईकवर. कुर्डुवाडी, लातूर, भूम, परंडा, तुळजापूर, पुणे. दिवसाला कितीतरी गाड्या, आणि प्रत्येक गाडी दोनदा. पहिल्यांदा माणसाला ऐकू येतं, दुसऱ्यांदा कळतं, असं त्यांचं म्हणणं. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की माईक मुका व्हायचा. मग त्या केबिनच्या बाहेर येऊन पायरीवर उभ्या राहायच्या आणि नुसत्या गळ्याने सगळे फलाट भागवायच्या. रसवंतीवाला म्हणायचा, बाई बोलल्या की ग्लास हलतात. अशा बाईला तीन आठवड्यांपूर्वी स्टेट कॉलेज नावाच्या गावात, राजसच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं. शेजारी कुणीतरी थीसिस लिहीत होतं आणि खाली तान्हं मूल होतं. शोभनाबाई कुजबुजत राहायला शिकल्या. पण आतून त्यांना भीती वाटायला लागली होती की वापरात नसलेल्या नळासारखा आपला आवाज आता गंजणार, आणि एक दिवस तोटी उघडली तर नुसतीच खरखर येईल.

आणखी एक गोष्ट त्यांना लागली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. राजसने आपल्या प्रोफेसरांशी ओळख करून देताना "माय मदर वॉज इन ट्रान्सपोर्ट ऑपरेशन्स" असं म्हटलं होतं. इंग्रजी त्यांना बेतास बात येत होतं, पण एवढं नक्कीच कळत होतं की यात माईक कुठेच नाही. शाळेत पोरं राजसला भोंग्याचा पोरगा म्हणायची, ते तो अजून विसरला नसावा. त्यांनी राग धरला नाही. पण विसरल्याही नाहीत.

बोट फुकट होती, म्हणून तर ही सहल बोटीची होती. पुतळ्याच्या बेटावर जायला तिकीट पडतं. स्टेटन आयलंडच्या या केशरी बोटीतून पुतळा लांबून दिसतो आणि कुणी काही मागत नाही. राजसने दोन दिवसांची सगळी सहल अशीच बसवली होती. पूल चालत पार केला, बाग चालत पाहिली, उंच इमारती खालून पाहिल्या. त्र्यंबकरावांना हे फार पसंत पडलं. "वरून काय दिसणार? ह्याच इमारती," ते म्हणाले. पोस्टात सॉर्टर म्हणून जन्म घालवलेला हा माणूस कुठलीही गोष्ट पत्त्यावर पोचली की समाधानी असायचा.

बोटीचं दार उघडलं तसे त्र्यंबकराव साठ वर्षांच्या सवयीने धावले, उजवीकडची खिडकी पकडली, आणि बायको-मुलगा येईपर्यंत बाकावर रुमाल टाकून मोकळे झाले. निळ्या चौकडीचा रुमाल, घडी न मोडलेला.

"बाबा, इथे असं करत नाहीत."

"रुमालाला काय भाषा लागते?" त्र्यंबकराव म्हणाले.

पुतळा आला तसा सगळे खिडकीशी झाले. शोभनाबाईंनी बघून घेतलं. बाई हात वर करून उभी होती. किती वर्षं उभी आहे, हे राजसने सांगितलं, आणि शोभनाबाईंना तिच्याबद्दल आपलेपणा वाटला. पायरीवर उभं राहणं काय असतं ते त्यांना माहीत होतं.

पलीकडच्या धक्क्यावर सगळ्यांनी उतरायचं, असा नियम. उतरायचं, हॉलमध्ये यायचं आणि पुन्हा चढायचं. राजसने घड्याळ बघितलं. "दीडची मिळाली पाहिजे. तीनला आपली बस आहे. ती गेली तर आज दुसरी नाही, आणि उद्या आठ वाजता मला लॅब घ्यायचीय. बाबा, आम्ही पाणी भरून येतो. तुम्ही इथे या माशांच्या टाकीपाशी थांबा. हलू नका."

ते बाटल्या भरून आले तेव्हा टाकीत मासे होते. त्र्यंबकराव नव्हते.

दीड वाजायला दहा मिनिटं होती आणि हॉलमध्ये हजारभर माणूस. सायकली, बाबागाड्या, सुटीला निघालेली शाळेची सहल. त्र्यंबकरावांचा फोन बार्शीचा, तो इथे फक्त घड्याळ म्हणून चालायचा. राजस बाहेर जाऊन आला, संडासात हाका मारून आला, मग चौकशीच्या टेबलाशी गेला. तिथल्या बाईंनी आस्थेने नाव लिहून घेतलं आणि स्पीकरवरून पुकारलंही. इंग्रजीत. त्या सगळ्या गोंगाटात ते वाक्य आलं आणि विरून गेलं.

"असं नाही येणार ते," शोभनाबाई म्हणाल्या.

"मग काय करू? पोलिसांना सांगू का?" राजसचा चेहरा लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता. "आई, त्यांना रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही. बाहेर गेले असतील तर?"

शोभनाबाईंनी हॉल पाहिला. छत उंच, मागे काच, समोर सगळी गर्दी. माणसं दाराच्या बाजूला तोंड करून उभी. इतकी वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. गर्दीत माणूस स्वतःचं नाव ऐकत नाही, कारण तिथे आपल्याला कोण हाक मारणार, असं त्याला वाटत असतं. माणूस आपली गाडी ऐकतो. झोपेतला माणूससुद्धा आपल्या गावाचं नाव आलं की दचकून पिशवी उचलतो.

त्या काचेला पाठ लावून उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"आई, काय करतेस?"

"बाजूला हो."

"आई, पोलीस येतील. प्लीज. हळू..."

हे आठवं. पण ते पुरं व्हायच्या आत तोटी उघडली होती.

"बार्शीच्या प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. बार्शीचे प्रवासी श्री. त्र्यंबक देशमाने यांची गाडी माशांच्या टाकीजवळ लागलेली आहे. त्यांनी ताबडतोब गाडीजवळ यावे."

खरखर नव्हती. आवाज पोटातून निघाला, छताला लागला आणि सगळीकडे सारखा उतरला, शेवटच्या बाकापर्यंत. ओरडणं नव्हतं ते. ओरडण्यात घाई असते, आणि यात प्रत्येक अक्षर आपल्या जागी बसलेलं होतं. बाबागाडीतलं रडणारं मूल गप्प झालं. शाळेची सहल वळून बघायला लागली. हजार माणसांपैकी नऊशे नव्व्याण्णवांना एक शब्द कळला नसेल, पण सगळ्यांना हे कळलं की काहीतरी अधिकृत सांगितलं जात आहे. शोभनाबाईंनी श्वास घेतला आणि नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा सांगितलं.

खरोखरच पोलीस आला. धिप्पाड, कमरेला सगळी हत्यारं. "एव्हरीथिंग ओके, मॅम?"

राजस मध्ये आला. शोभनाबाईंना वाटलं, आता हा माफी मागणार.

"शी इज माय मदर," राजस म्हणाला. मग थांबला, आणि म्हणाला, "शी इज अ बस स्टेशन अनाउन्सर. ट्वेंटी-सेव्हन इयर्स. शी इज कॉलिंग माय फादर."

पोलिसाने शोभनाबाईंकडे बघितलं. पाच फुटांपेक्षा कमी उंची, पायात बूट आणि अंगावर इरकल. "वेल," तो म्हणाला, "आय हर्ड हर."

तेवढ्यात दाराच्या बाजूने गर्दी फाटली. अगदी पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या कोपरांना चुकवत, त्र्यंबकराव उलट दिशेने येत होते. येता येताच विचारत होते, "लागली का? कुठं लागली?"

"कुठे होतात तुम्ही?" राजसचा आवाज फाटला. "हलू नका म्हटलं होतं ना?"

"अरे, रुमाल आहे ना आपला आत. लवकर चढलो तर जागा तीच मिळेल म्हणून दाराशी नंबर लावला. पहिला नंबर होता माझा." त्र्यंबकरावांनी बायकोकडे रागाने बघितलं. "तुझ्यामुळे गेला."

"स्पीकरवर पुकारलेलं ऐकलं नाहीत?"

"कुणाला तरी पुकारत होते. मला काय माहीत."

शोभनाबाई हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला रडूही येत आहे. नवरा सापडला म्हणून होतंच, पण आवाज सापडला म्हणूनही होतं, आणि यातलं अधिक कुठलं हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

"काकू."

पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी धापा टाकत समोर उभी होती. "काकू, तुम्ही बार्शी स्टँडच्या ना?"

"हो."

"मी ज्ञानदा. उपळाई रोडला राहायचे. पुण्याला इंजिनीअरिंगला होते, दर रविवारी साडेतीनची..."

"बार्शी–पुणे, मार्गे कुर्डुवाडी, टेंभुर्णी," शोभनाबाई म्हणाल्या.

मुलीने तोंडावर हात ठेवला. "तुमचा आवाज आला की आमचे आप्पा माझी बॅग उचलायचे. तोपर्यंत हातही लावायचे नाहीत. मी आत्ता तिकडे कॉफी घेत होते. बार्शी ऐकलं आणि, यार, माझा हात बॅगकडे गेला." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मला वाटायचं तुम्ही खूप उंच असाल."

"सगळ्यांना तसंच वाटायचं," त्र्यंबकराव म्हणाले. "मलासुद्धा वाटलं असतं. हिला नोकरी लग्नानंतर लागली, म्हणून फसलो नाही."

"आता तिथे रेकॉर्डेड आवाज आहे, काकू. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा ऐकला."

"असू दे. चांगली बोलते ती. थकत नाही, रजा घेत नाही." शोभनाबाईंनी खोचलेला पदर सोडला. "वीज गेली की मात्र गप्प बसते."

ज्ञानदा राजसकडे वळली. "तुम्ही काकूंचे..."

"मुलगा," राजस म्हणाला. "शाळेचा सगळा अभ्यास माईकच्या टेबलाखाली बसून केलाय मी. पाढे म्हणायला लागलो की मध्येच परंडा यायचा."

हे त्याने इथे कुणाला पहिल्यांदाच सांगितलं असावं. सांगताना तो आईकडे बघत नव्हता, पण आवाज त्याने मुळीच हळू केला नव्हता.

दीडची बोट मिळाली, तीच. रुमाल जागेवर होता. शेजारी एक जाडजूड गृहस्थ अंग चोरून बसले होते, रुमालाला धक्का न लावता. "बघ," त्र्यंबकराव मुलाला म्हणाले, आणि पुढे काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही. पुतळा याही वेळी त्याच बाजूला होता, पण त्या गृहस्थांच्या आड तो दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.

शहरातल्या ज्या फुटपाथवरून बस सुटायची तिथे ते पावणेतीनला पोचले. फलाट नाही, पाटी नाही, नुसती एक कड. वीस-पंचवीस विद्यार्थी फोनमध्ये माना घालून उभे होते. बस आली. ड्रायव्हर खाली उतरून बॅगा पोटात ढकलायला लागला. त्र्यंबकराव केव्हाच आत शिरले होते.

राजस आईच्या शेजारी उभा राहिला. "आई, गाडी लागली."

"दिसतेय की."

"मग सांग ना."

शोभनाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"हळू सांगू?"

"नाही," राजस म्हणाला.

येताना ही गाडी कुठे कुठे थांबली होती ते त्यांना पाठ होतं. गाडीत बसलं की थांबे आपोआप पाठ व्हायचे, त्याला इलाज नव्हता. त्यांनी फुटपाथवर पाय रोवले.

"न्यूयॉर्क–स्टेट कॉलेज. तीन वाजता सुटणारी न्यूयॉर्क–स्टेट कॉलेज गाडी, मार्गे स्ट्राउड्सबर्ग, ब्लूम्सबर्ग, फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

माना वर आल्या. दोन मुलांनी फोन खिशात टाकून रांग धरली. ड्रायव्हरने बॅगांतून डोकं काढून बघितलं आणि घड्याळावर नजर टाकली. शोभनाबाईंनी दुसऱ्यांदाही सांगितलं.

मग त्या पायरीपाशी आल्या आणि दांडीला हात लावून क्षणभर थांबल्या. सत्तावीस वर्षांत त्यांनी पुकारलेल्या एकाही गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या. गाडी सांगायची, ती सुटायची, फलाट रिकामा व्हायचा, आणि त्या केबिनमध्ये पुढचा कागद ओढायच्या. गावाला जायचं तर रजा टाकून जायचं, आणि त्या दिवशी पुकारायला दुसरं कुणीतरी असायचं.

"मॅम?" ड्रायव्हर मागून म्हणाला.

"येते," म्हणत त्या चढल्या.

बस भरत आली होती. मधल्या रांगेत त्र्यंबकराव कडेच्या सीटवर ताठ बसले होते, आणि शेजारच्या, खिडकीच्या सीटवर निळ्या चौकडीचा रुमाल होता. शोभनाबाईंनी रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि खिडकीपाशी बसल्या.