गवताच्या काठावरचा टप्पा

"काय लिहिलंस?" मायक्रोफोनवर तळहात दाबून कॅस व्हिटलोने विचारलं.

"चूक," ऑर्विन प्रॅट म्हणाला. "शॉर्टस्टॉपची."

"नीट विचार कर."

"केला. लिहूनही झालं."

"अरे, हॉइट आहे तो! हॉइट लॅम्बेथ! शेवटचा सामना, त्याची शेवटची पाळी, समोर अख्खं गाव..."

"कोण खेळतंय ते मला दिसतंय, कॅस. लोकांना सांग."

व्हिटलोने नाइलाजाने हात काढला. लाउडस्पीकर खरखरला. "फटका नाही. शॉर्टस्टॉपची चूक." मग स्वतःची कातडी वाचवायला त्याने पुढे जोडलं, "हा निर्णय गुणलेखकाचा आहे, मंडळी." बाकांवरून जी हुर्यो उठली ती अख्खी ऑर्विनच्या वाट्याला आली. त्याने पेन्सिलीचं टोक तपासलं आणि पुढच्या फलंदाजाकडे बघायला लागला.

हा कॅस व्हिटलो म्हणजे टॅलो फोर्क लँटर्न्स या बेसबॉल क्लबचा अध्यक्ष. जूनमध्ये त्याने पैसे वाचवायला निवेदकाला घरी पाठवलं आणि मायक्रोफोन स्वतः धरला. जुलैमध्ये मैदान राखणाऱ्या माणसाचे दिवस निम्मे केले. गावात त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि दुकानाच्या दर्शनी काचेत आता खुर्च्यांऐवजी टेलिव्हिजन मांडलेले असत. संध्याकाळी लोक मैदान सोडून ज्या पेट्यांपुढे बसायला लागले होते त्यातल्या निम्म्याअधिक त्यानेच हप्त्यांवर विकल्या होत्या. मैदान ओस पडलं म्हणून सगळ्यात मोठ्याने गळाही तोच काढायचा. दोन्ही कामं तो मनापासून करी.

अर्थात सगळा दोष त्या पेट्यांना देता येणार नव्हता. बेसबॉलच्या वरच्या मंडळींनी दोन वर्षांत मोठमोठ्या शहरांना नवे संघ वाटले होते. विमानं आली, देशाच्या पार त्या टोकाला सामने व्हायला लागले, वर्तमानपत्रांत नवनव्या टोप्या घातलेले फोटो झळकले. वर मजले चढत होते आणि खाली जिने काढले जात होते. सगळ्यात खालचा वर्गच रद्द. तीन लीग मोडून एक होणार, तिची नवी यादी छापून आली आणि त्या यादीत केंटकीच्या पूर्वेकडच्या या डोंगरातलं एकही गाव नव्हतं. म्हणून सप्टेंबरमधला हा अमेरिकी कामगार दिनाचा सोमवार टॅलो फोर्कच्या धंदेवाईक बेसबॉलचा शेवटचा दिवस होता.

आणि शेवटचा दिवस म्हटल्यावर गाव लोटलं. वर्षभर जे फिरकले नाहीत तेही कडक इस्त्रीचे शर्ट घालून आले. अंत्ययात्रेला गर्दी करण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. गुणलेखकाच्या लाकडी खोपटात एरवी ऑर्विन आणि निवेदक अशी दोनच माणसं. त्या दिवशी तिथे पाद्री होते, महापौर होते आणि ऑर्विनच्या डाव्या कुशीला घासून महापौरांच्या पत्नी बसल्या होत्या, ताटाएवढी टोपी घालून.

ऑर्विन बावीस वर्षं गुणलेखक होता. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की त्याच्या खात्यावर फटका मांडायचा की क्षेत्ररक्षकाच्या, आज दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभ्या शॉर्टस्टॉपच्या, माथी चूक मारायची, हे त्याने एकट्याने ठरवायचं. त्यावर पंचाचंही काही चालत नसे. त्याआधी तो खाणीवर कामगारांनी निवडून दिलेला तपासनीस होता. कंपनीचा माणूस कोळशाच्या गाड्या तोली, तेव्हा शेजारी उभं राहून काटा बघायचा, एवढंच काम. यंत्रं आली, मजुरी वजनावरून तासावर गेली, काट्याजवळ उभं राहायची गरज संपली. आता तो खाणीच्या भांडारात बूट आणि फावडी द्यायचा. सगळा सरळपणा मग उन्हाळ्यातल्या त्या खोपटात एकवटला होता. कुणाच्या सांगण्यावरून त्याने एकही निर्णय फिरवला नव्हता, आणि गावाने त्याला त्याबद्दल मानही दिला होता आणि जेवायला बोलावणंही कमी केलं होतं.

*

संध्याकाळी व्हिटलो त्याच्या ओसरीवर आला. पायरीवर बसला, टोपीने वारा घेतला.

"लीगच बंद पडतेय, ऑर्विन. तुझा कागद बघणार कोण?"

"मग बदलून तरी काय करू?"

"कागद कुणी बघणार नाही रे, पण सरासरी बघतील! वरच्या क्लबचा माणूस हॉइटला काय म्हणाला ते ऐकलंयस ना? हजार पाळ्यांमागे तीनशे फटके झाले तर जॉर्जियातल्या संघात खेळाडू-प्रशिक्षक म्हणून शब्द टाकतो. नाही झाले तर तेहतीस वर्षांचा माणूस तो तेहतीस वर्षांचाच. आता किती आहेत?"

"दोनशे अठ्ठ्याण्णव."

"आणि तो चेंडू फटका धरला तर?"

"बरोब्बर तीनशे."

"मग!" व्हिटलोने हात पसरले. "सासऱ्याच्या कोंबड्यांना दाणे टाकायला जाईल बिचारा. अकरा वर्षं खालच्या वर्गात घासली त्याने. चोवीस तासांत निर्णय बदलायची मुभा नियमातच आहे, मी सांगत नाहीये."

"नियम पाठ आहे मला. चेंडू सरळ त्या शॉर्टस्टॉपच्या पोरावर आला, पोराने तोंड फिरवलं, चेंडू त्याच्या गळपट्टीवर आदळला. त्याला चूकच म्हणतात."

"तुला काळीज आहे का रे?"

"आहे. डॉक्टरांनी मार्चमध्येच ऐकलं."

व्हिटलो उठला. "एक्कावन्न साली माझ्या मेव्हण्याच्या नावावरही तू अशीच चूक मांडलीस. अजून बोलत नाही तो तुझ्याशी."

"तेवढी एक गोष्ट त्याने बरी केली."

व्हिटलो गेला आणि दिवे लागायच्या सुमाराला हॉइट लॅम्बेथ स्वतः आला. ऑर्विन खुर्चीत ताठ झाला. पण हॉइटच्या हातात केक-पाय भाजायचं काचेचं भांडं होतं, धुऊन पुसलेलं.

"मिसेस प्रॅट, हे तुमचं. जूनपासून राहिलं होतं. बायको म्हणाली, दुसऱ्याचं भांडं घेऊन गाव सोडायचं नाही."

"अरे, ठेवायचं की!" दारात येऊन वेल्मा म्हणाली. "निघताय कधी?"

"सकाळी. गाडी भरतोय. गादी टपावर चढवली, आता पोरं म्हणतात आम्हीही टपावरच बसणार."

"बस जरा," ऑर्विन म्हणाला.

"नको, दोरी अर्धीच बांधलीय."

तरी तो थांबला. मोठ्या हातांचं काय करावं हे कळत नसल्यासारखा कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिला. ऑर्विनच मग म्हणाला, "आजच्या त्या चेंडूचं..."

"तुम्ही पाहिलात ना तो, मिस्टर प्रॅट?"

"हो."

"मग झालं," हॉइट म्हणाला. आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हतं. वेल्माला मान लववून तो पायऱ्या उतरला.

ऑर्विन तिथेच बसून राहिला. माणूस दारात येऊन रडला असता, भांडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दोन्हींची त्याला सवय होती. हे 'मग झालं' मात्र टोचत राहिलं. कारण आपण 'हो' म्हणालो ते जरा पटकन म्हणालो, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

खोपटासमोर छपराचा एक खांब होता. शॉर्टस्टॉपच्या पुढची जमीन त्या खांबाआड जायची. बावीस वर्षं चेंडू तिकडे गेला की ऑर्विन डावीकडे झुकायचा. इतका सवयीने झुकायचा की खांब आहे हेही विसरला होता. आज डावीकडे महापौरांच्या पत्नी होत्या. परक्या बाईच्या मांडीवर कलंडायचं कसं? तो झुकला नाही. पोरगा दिसला, त्याचं फिरलेलं तोंड दिसलं, गळपट्टीवर आदळलेला चेंडू दिसला. टप्पा दिसला नव्हता.

आत वेल्मा भांडी धूत होती. तो फडकं घेऊन पुसायला उभा राहिला. एक बशी पुसली, दुसरी पुसली.

"तू दुपारी कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? तिसऱ्या बेसजवळ, चर्चच्या केक-पायच्या टेबलावर. सफरचंदाचे सगळे गेले, भोपळ्याचे उरले."

"हॉइटने मारला तेव्हा?"

वेल्माने नळ बंद केला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. या घरात एक कायदा होता. सामन्यातल्या निर्णयाबद्दल घरात बोलायचं नाही. लग्नात भेट आलेल्या घड्याळापेक्षाही तो काटेकोर पाळला जायचा आणि तो ऑर्विननेच केला होता.

"तू मला विचारतोयस?"

"विचारतोय."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा. थांब, हात पुसते." तिने खरंच हात पुसले. "चेंडू गवताच्या काठावर आपटला आणि असा उसळला." तिने ओल्या टेबलावरून तळवा सरकवला आणि एकदम वर उडवला. "त्या पोराने तोंड फिरवलं नसतं तर दात गेले असते. काठ हा एवढा वाढलाय. कापणार कोण? कापणाऱ्याचे दिवस कॅसने कमी केले ना!"

"नक्की?"

"माझ्यापासून दहा पावलांवर झालं ते. शेजारी चर्चमधली इडा होती, ती तर किंचाळली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कायदा कुणाचा आहे?"

ऑर्विनने हातातली बशी आधीच कोरडी होती तरी आणखी एकदा पुसली. टप्पा वेडावाकडा उसळला तर तो फटका, हे नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यात काळजाचा संबंध नव्हता.

"आता बदललं," तो सावकाश म्हणाला, "तर गाव म्हणेल कॅसने वळवलं."

"म्हणेल."

"बाकीचे म्हणतील, म्हातारा शेवटी विरघळला."

"पाद्री तर रविवारी प्रवचनातच घालतील. दयेवर."

"अरे देवा," ऑर्विन म्हणाला.

त्याने टेबल पुसून कोरडं केलं, कागद पसरला, खोडरबर घेतलं. बावीस वर्षांत खोडाखोड नसल्यामुळे ते रबर कडक झालं होतं आणि कागद जरा फाटला. शॉर्टस्टॉपच्या नावापुढची चूक गेली. हॉइटच्या रकान्यात फटका आला. वेल्मा पुसलेल्या बशा फडताळात लावायला लागली. कायदा एकदाच उठवला गेला होता, हे तिला कळत होतं.

*

मंगळवारी सकाळी पोस्ट उघडलं तेव्हा ऑर्विन पायरीवर हजर होता. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला त्याने आधीच फोन केला होता आणि त्याच्याकडून बातमी व्हिटलोकडे पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. लीगला जाणारं कागदाचं पाकीट पेटीत पडतं न पडतं तोच व्हिटलो रस्ता ओलांडून हात पसरत आला.

"माहीत होतं मला! आत कुठेतरी माणूस आहे, मी बायकोला म्हणालोच होतो!"

"टप्पा काठावरून उसळला होता, कॅस."

"हो हो, उसळला होता!" व्हिटलोने डोळा मारला. "चांगलाच उसळला!"

"वेल्माने पाहिला."

"वेल्माने! वा! बायकोवर ढकललंस हे उत्तम केलंस." आणि त्याने ऑर्विनच्या पाठीत थाप घातली.

पोस्टातली बाई खिडकीतून हसली. न्हावी दाराशी आला आणि त्याने हात मिळवला. पाद्री सायकलवरून उतरले आणि ऑर्विनचा हात दोन्ही हातांत घेऊन जरा जास्तच वेळ धरून राहिले. ज्या लोकांनी काल हुर्यो उडवली होती त्यांच्या डोळ्यांत आज माया होती, आणि मायेबरोबर आणखी एक गोष्ट होती, जी ऑर्विनने ओळखली. आपल्यातलाच एक आहे, याला सांगितलं की ऐकतो, असा तो भाव होता. बावीस वर्षांचा हिशेब एका सकाळीत सगळ्यांनी प्रेमाने मिटवून टाकला होता.

तेवढ्यात हॉइटची गाडी आली. टपावर गादी, गादीवर दोन खुर्च्या उलट्या, मागच्या खिडकीत पोरांचे पाय. व्हिटलो रस्त्यात आडवा झाला.

"हॉइट! तीनशे झाले! ऑर्विनने निर्णय बदलला. उतर खाली आणि आभार मान या माणसाचे!"

हॉइटने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. शेजारी बसलेल्या बायकोने तोंडावर हात नेला. तो मात्र खिडकीतून ऑर्विनकडे बघत होता आणि ऑर्विन त्याच्याकडे.

"आभार कशाचे?" हॉइट म्हणाला. "फटकाच होता तो."

"अरे, काय माणूस आहेस!" व्हिटलो ओरडला. पाद्रींनी मान हलवली. न्हावी 'च्' म्हणाला.

हॉइटने एक बोट टोपीच्या कडेला टेकवलं, जसं तो पहिल्या बेसवर पोचल्यावर पंचाकडे बघून टेकवायचा, आणि गाडी पुढे काढली. व्हिटलो कृतघ्नपणाबद्दल बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. ऑर्विन त्यांच्यात नव्हता. तो पायरी उतरून रस्त्याच्या कडेला गेला. पुलाच्या चढावर गाडीचा वेग मंदावला, गादीची एक दोरी सुटून मागे फडफडायला लागली. खिडकीतून एक मोठा हात बाहेर आला, त्याने दोरी चाचपून पकडली आणि तशीच धरून ठेवली. गाडी पूल ओलांडून वळणाआड जाईपर्यंत ऑर्विन तो हात बघत राहिला.