मध न देणारी वेल

मी सुतारकाकांच्या कुंपणावरची वेल बोलतेय. वेल कसली, आता वीतभर खुंट उरलाय. पण जुनी सवय जात नाही.

काकांची पुतणी लांब शिकून परत आली. तिला वाटलं होतं, काकांचं अंगण फुलांनी आणि मधमाश्यांनी गजबजलेलं असेल. दिसलं काय, तर भुशाचे ढीग, फुटकी टाकी आणि मी. माझ्या पिवळ्या फुलांसमोर ती तीन दुपारी वही घेऊन बसली. एक मधमाशी फिरकली नाही.

"काका, हिच्यात मध नाहीच. नुसती जागा अडवते."

"माझ्यासारखीच म्हण की," काका रंधा मारता मारता म्हणाले. "राहू दे गं. तुझ्या काकूने लावलीय."

"काकूच्याच नावाने इथे बाग करू. मधमाश्यांसाठी."

काकांनी रंधा पुन्हा चालवला. एवढ्या शिकलेल्या पोरीला काय सांगणार?

माझ्यात मध नाही, हे खरंच. माझ्या फुलांच्या पाठीवर बारीक गाठी असतात, त्यांत तेल असतं. ते न्यायला वेगळ्या माश्या यायच्या, एकेकट्या राहणाऱ्या, पायांवर केसांचे कंगवे असलेल्या. गाठी खरवडायच्या, तेल परागात कालवायचं, पिल्लांसाठी ठेवायचं, उरलेल्याने घरटं लिंपायचं. स्वतःपुरता मध त्यांना कुठेही मिळे. पिल्लांसाठी मात्र मीच. त्यांच्या घरट्यात चोरून अंडी घालणारी एक आयतोबा माशी होती, तिचाही संसार माझ्यावरच. पण हे सगळं चाले सकाळी. उन्हं तापली की सामसूम.

पुतणीने कोयता चालवला तेव्हा मी ऐन बहरात होते. माझ्या जागी नवी रोपं आली. पुतणी गल्लीभर फिरली, लोकांना समजावलं. आणखी तीन घरांनी आपापल्या अशाच वेली रविवारी तोडायचं कबूल केलं.

शनिवारी काकांनी कारखान्याचा किडका खांब बदलला. जुना चिरला, तर भोकात इवल्या खोल्यांची रांग.

"ये, बघ जरा."

आधीच्या खोल्या आतून तुळतुळीत, पिल्लं उडून गेलेली. शेवटच्या दोन उघड्याच. परागाचे कोरडे गोळे, अंडं नाही.

"ह्यांना लिंपलंय कशाने?"

"वेलीच्या फुलांतल्या तेलाने असेल. ह्या माश्या रोज सकाळी तिच्यावर झोंबायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वही घेऊन बसायचीस. मला वाटलं, लिहिलं असशील."

ती माझ्यापाशी येऊन बसली. मला फुटवा येईल, पण फुलं यायला दोन वर्षं तरी. त्या माश्या दोन वर्षं कुठल्या जगतायत? त्या आता येत नाहीत. मी सकाळभर वाट पाहते एवढंच. बाबांनो, तुमच्या कुंपणावर माझ्यासारखी कुणी असेल, तर तोडण्याआधी एकदा सकाळी तिच्याजवळ उभे राहा.

रविवारी उजाडताच तिने रोपांना पाणी घातलं नाही. चपला घातल्या. काका म्हणाले, "चहा तरी घे."

"आल्यावर. आधी तिन्ही घरी जाऊन सांगते, माझं चुकलं. कोयते काढायच्या आत."