आईच्या फोनला माझा चेहरा चालायचा

आईच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. जन्मभर कालवं फोडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. बँकेत गेली की मशीन तिला ओळखायचं नाही, मग ती तिथल्या पोरीला म्हणायची, "तुझं मशीन म्हणतंय मी मेले. तूच बघ बाई, जिवंत दिसते का." आकड्यांचं कुलूप तिच्या लक्षात राहायचं नाही. म्हणून गेल्या थंडीत मी तिला तोंड बघून उघडणारा फोन घेऊन दिला. मालकाशिवाय हा कुणालाही उघडणार नाही, असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या दुकानदाराचं तोंड मला अजून आठवतं, आणि आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तोंगयाँगच्या बंदरावर आई कामाला जायची ती कालवांची शेड. रबरी हातमोजे घालून, हातात सुऱ्या घेऊन बायका ओळीनं उभ्या. तिथं त्या फोनचं पहिले काही दिवस मोठं कौतुक झालं, आणि कौतुकापेक्षा धसका जास्त.

"तोंडाचा फोटो काढून घेतो म्हणे. मग तो जातो कुठं? सरकारकडे?"

"सरकारला तुझं तोंड कशाला हवंय? त्यांच्याकडे काय तोंडांचा तुटवडा आहे?"

"मला नको बाई असला फोन," सामचनपोवाली मावशी म्हणाली. तिला सगळे तिच्या गावाच्या नावानंच हाक मारायचे. "झोपेत नवऱ्यानं तोंडासमोर धरला तर?"

"तुझा नवरा जाऊन दहा वर्षं झाली."

"म्हणून तर जास्त भीती वाटते."

बायका पोट धरून हसल्या. मी त्या दिवशी दुकानासाठी कालवं न्यायला गेले होते. बंदराजवळ माझं भाताच्या गुंडाळ्या आणि तिखट म्हाकूळ विकायचं छोटं दुकान आहे. किती वाजले ते बघायला मी फळीवरचा आईचा फोन उचलला आणि तो उघडला. काही दाबलं नाही, काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उघडला.

"यंत्रालासुद्धा कळतं, पोर कुणाची ते," मावशी ओरडली. मग तर हसण्याला ऊतच आला.

आई हसली नाही. तिनं ओल्या हातानंच फोन माझ्याकडून हिसकावला आणि एप्रनच्या आतल्या खिशात टाकला.

संध्याकाळी घरी जाताना ती हळूच म्हणाली, "यात यॉन-जूचा पत्ता आहे. तू बघायचा नाहीस."

यॉन-जू माझी धाकटी बहीण. त्या थंडीच्या आधीच्या वसंतात ती मुलाला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली, तेव्हा तिचा एक हात प्लास्टरमध्ये होता. कुठं गेली ते फक्त आईला ठाऊक. फोन नेहमी आईच करायची, तिकडून कधी यायचा नाही, असं दोघींनी ठरवून टाकलं होतं. मला मात्र आईनं काही म्हणजे काही सांगितलं नाही. मला राग आला होता. मी काय परकी? पण आईचं बरोबर होतं, कारण ते-गिल माझ्याच दुकानात यायचा.

ते-गिल म्हणजे यॉन-जूचा नवरा. जहाजाच्या कारखान्यात साहेब. दर रविवारी यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, ताट अगदी स्वच्छ करायचा. जाताना दोन्ही हातांनी पैसे पुढे करून, कमरेत वाकून विचारायचा, "ताई, ती कुठं आहे?" मी म्हणायचे, मला माहीत नाही. तो माझ्याकडे बघत राहायचा. मग म्हणायचा, "खरंच माहीत नाही वाटतं," आणि निघून जायचा. एवढंच. त्यानं कधी आवाज चढवला नाही. तो गेला की मी दुकानाला आतून कडी लावून घ्यायचे.

हंगाम ऐन भरात असताना आई शेडमध्येच कोसळली. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तिचा फोटो मांडला, भोवती पांढरी शेवंती. मी काळे कपडे घालून, केसांत पांढरी फीत खोचून बसले आणि पहिली बातमी आली ती ही, की जावई आलेत. ते-गिलनं दारात बूट नीट जुळवून काढले, फोटोसमोर दोनदा कपाळ टेकलं आणि दंडाला सुतकाची पट्टी बांधून उभाच राहिला. आल्यागेल्याला वाकून नमस्कार, म्हाताऱ्यांना बसायला आसनं, सूप गरम आहे का ते बघणं. माझे नातलग एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणत होते, असा जावई टाकून गेली ती पोरगी. काय म्हणावं हिला.

"यॉन-जूला कळवलं का?" थोरल्या मामानं विचारलं. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. आमच्यात पुरुष माणूस तोच.

"तिचा नंबर आईंच्या फोनमध्ये असेल," ते-गिल म्हणाला. "पण फोन तोंड बघून उघडणारा आहे."

"मग तो माझ्याकडे द्या," मी म्हणाले.

"तू कशाला?" मामा म्हणाला. "त्याला बघू दे. त्याला त्यातलं कळतं. लेकीला आईचं शेवटचं दर्शन तरी घडेल."

हॉस्पिटलनं दिलेल्या पिशवीतून मामानं आईचा फोन काढला आणि माझ्या देखत ते-गिलच्या हातात ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. यॉन-जूच्या हाताचं मी मामाला पूर्वी एकदा सांगितलं होतं. नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये, एवढंच तो म्हणाला होता.

तेव्हापासून मी मान वर केली नाही. ज्याच्या खिशात फोन होता त्याला माझा चेहरा हवा होता, फक्त ते त्याला ठाऊक नव्हतं. लोक येत होते, मी जमिनीकडे बघत वाकत होते. लोकांना वाटलं, थोरलीला फार लागलंय. लागलं होतंच. पण आई गेल्याचं रडू भीतीच्या मागं कुठंतरी अडकून पडलं होतं, बाहेरच येईना.

सूप आणि सोजूची दारू पोटात गेल्यावर पाहुण्यांना विषय हवाच असतो. फोनचा विषय तर पंगतीत वाढून ठेवल्यासारखा होता.

"फोटो दाखवून बघा की," एक पाहुणा म्हणाला. "टीव्हीवर दाखवलं होतं, फोटोनं उघडतो."

"मेलेल्या माणसाच्या फोटोशी खेळ करू नये."

"खेळ कसला? पोरीला निरोप द्यायचाय."

ते-गिल उठला आणि फुलांमध्ये हात घालून त्यानं आईच्या फोटोसमोर फोन धरला. पण तो फोटो वॉर्डाच्या ऑफिसनं म्हाताऱ्यांसाठी फुकट काढून दिलेला. अंत्यविधीला मांडायचा फोटो लोक जिवंतपणीच काढून ठेवतात. फोटोवाल्यानं आईच्या सुरकुत्या पुसून केस काळेभोर केले होते. 'ही कोण नटी?' असं तेव्हा आईच म्हणाली होती. फोनलाही तसंच वाटलं असावं. उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला पेटीत ठेवायचं होतं. तागाच्या कपड्यात गुंडाळलेली आई, फक्त चेहरा उघडा. आम्ही भोवती उभे. तिच्या गालाला हात लावला, गार दगड. तेवढ्यात समोरून एक हात पुढे आला आणि तिच्या चेहऱ्यावर फोन धरला गेला. वर, खाली, जरा तिरका.

"हे काय चाललंय?" मामा खेकसला.

"यॉन-जूसाठी फोटो, मामा," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते. फोन उघडला नाही, आणि आई मिटल्या डोळ्यांनी का होईना, आपलं काम करतेय असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी शेडमधल्या बायका आल्या. काम आटपून तशाच आल्या होत्या, अंगाला समुद्राचा वास. सामचनपोवाली मावशी माझ्या गळ्यात पडून रडली, मग जेवायला बसली. ते-गिल तिला सूप वाढत होता.

"फोन उघडत नाही म्हणून अडलंय होय?" तिचा आवाज हॉलभर घुमला. "अहो, मग हिला दाखवा ना. हिच्या तोंडानं उघडतो तो. आम्ही शेडमध्ये आठवडाभर हसत होतो."

मी डोळे गच्च मिटून घेतले. चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज आला.

"असं का?" ते-गिल म्हणाला.

थोड्या वेळानं तो माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. "ताई," तो म्हणाला, अगदी हळू. "जरा इकडं बघता?"

मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले, चादर डोक्यावरून घेतली. तो म्हणाला, "ठीक आहे. उद्यापर्यंत कधीतरी बघालच." मग तिथंच बसून राहिला. मी बायकांमध्ये होते, शंभर माणसांत होते, आणि मला वाचवणारं त्यात कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईला न्यायची वेळ झाली. निघण्यापूर्वी घरच्या माणसानं फोटोसमोर दोनदा वाकायचं, थोरल्या लेकीनं सगळ्यांच्या पुढे. यातून सुटका नव्हती. मी वाकले, कपाळ टेकलं. उठताना फोटोकडे बघायचं असतं, आईचा निरोप घ्यायचा असतो. मी ठरवलं होतं की डोळे मिटून उठायचं. पण कपाळ जमिनीला लागलं आणि दोन दिवस अडकलेलं रडू एकदम फुटलं. आई, मला एकदा तरी तुझ्याकडे नीट बघू दे, असं झालं. मी मान वर केली.

फोटोशेजारी ते-गिल उभा होता. फोन छातीशी धरलेला, काच माझ्याकडे.

बारीकसा उजेड पडला. त्यानं फोन स्वतःकडे वळवला.

बोट वर सरकत गेलं. थांबलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, राग नव्हता. दुकानात ताट संपवल्यावर दिसायचं तेच समाधान होतं. माझ्या बाजूनं जाताना तो पुटपुटला, "मोकपो. एवढ्या लांब." फोन कोटाच्या खिशात टाकून तो दाराकडे वळला. गाडीची किल्ली हातात होती.

"जावई, कुठं निघालात?" मामानं हाक मारली. "पेटीपुढं फोटो धरून कोण चालणार?"

"मामा, पत्ता मिळाला. मी तिला घेऊनच येतो."

"नंतर आणा. मी तिच्याहून मोठा, थोरल्यानं धाकटीचा फोटो उचलायचा नसतो. नातू इथं नाही. घरात दुसरा पुरुष कोण आहे?"

दारातले सगळे लोक बघत होते. दोन दिवस याच लोकांनी त्याची वाहवा केली होती. त्यानं किल्ली खिशात ठेवली. हॉलच्या माणसानं त्याच्या हातांत पांढरे मोजे चढवले आणि काळी फीत लावलेला आईचा फोटो दोन्ही हातांत दिला.

मी पुढं झाले. "पट्टी सैल झालीय," मी मोठ्यानं म्हणाले आणि त्याच्या दंडाची पट्टी नीट करता करता दुसरा हात कोटाच्या खिशात घातला.

"ताई," तो ओठ न हलवता म्हणाला. "ते राहू दे."

मी फोन काढून घेतला. त्याच्या दोन्ही हातांत आई होती.

"चला," मामा म्हणाला. "मागं वळायचं नाही आता." ते-गिलला चालावं लागलं. पेटी त्याच्या मागं निघाली, माणसं पेटीच्या मागं. मी मागं मागं राहत जिन्याच्या कोपऱ्यात शिरले आणि फोन तोंडासमोर धरला. लगेच उघडला. समोर त्यानं वाचलेलंच होतं: आईनं पाठवलेल्या लोणच्याच्या डब्याचा पत्ता, शाळेच्या गणवेशात भाचा. मी नंबर लावला.

एका रिंगमध्ये उचलला.

"आई? तीन दिवस फोन नाही. किती घाबरले मी."

तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळवणार कोण? आई गेली असं मी म्हटलं असतं, तर ती मिळेल त्या बसनं इकडं आली असती. तो फोटो घेऊन उभा होता तिथंच.

"घसा बसलाय," मी कुजबुजले. "नीट ऐक. ते-गिलला पत्ता कळलाय. पोराला शाळेतून घे आणि निघ. सामान राहू दे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कुठं जाऊ? तुझ्याकडे येऊ?"

"इकडं नाही. इकडं अजिबात यायचं नाही. दुसऱ्या गावी जा आणि हा नंबर टाकून दे."

"मग तुला कसं कळणार मी कुठंय ते?" ती रडायला लागली. "आई, तू येशील ना आमच्याकडे?"

बाहेर गाडीचं मागचं दार बंद झालं. मामा माझ्या नावानं हाका मारत होता.

"येईन," मी म्हणाले.