मॉरिशसचा फ्लेक्स

काष्टीच्या पलीकडच्या एका गावात उपसरपंच निवडायचा होता. नऊ मेंबरांतले चार वैजनाथचे, चार बन्सीचे. उरली छबूबाई, ती कुणाचीच नव्हती, त्यामुळं सगळ्यांची झाली होती.

अशा वेळी मेंबर सहलीला न्यायचे असतात. मेंबर घरी बसला की फुटतो, हा लोकशाहीचा जुना अनुभव. मागच्या निवडीला बन्सीनं गोवा केला होता. म्हणजे वैजनाथला आता देशाबाहेरच जाणं भाग होतं.

छबूबाईची अट सरळ होती. "मला समिंदर दाव. मत तुझं."

तिनं भीमा पाहिली होती, घोड पाहिली होती. प्रत्येकीला पल्याडचा काठ होता आणि त्या काठावर कुणी ना कुणी म्हैस धूत होतं. पल्याड काहीच नाही असं पाणी तिला एकदा बघायचं होतं.

"समिंदराचं काय घेऊन बसलात काकू," वैजनाथ म्हणाला. "मॉरिशसला नेतो. चारी अंगानं पानी."

कर्जतच्या अलीमची टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. अलीम शिर्डीच्या पुढं कधी गेला नव्हता, पण मॉरिशसचं माहितीपत्रक त्याला पाठ होतं. राहुरीच्या रस्त्यानं तो सांगत होता, "तिथं सात रंगांची माती हाय मावशी. म्हशीएवढी कासवं. वाळू पिठासारखी पांढरी. बाजारात लाकडाची जहाजं मिळत्यात."

"जहाज ठिवू कुठं मी? टावेल मिळतो का चांगला?"

"लई टावेल."

"भाव करू देत्यात?"

"भाव केल्याबिगर देतच न्हाईत."

एवढं ऐकून छबूबाईचा त्या देशावर विश्वास बसला.

गाडी थांबली ती देवळाली प्रवराजवळ, उसातल्या एका शेतघरापाशी. पासपोर्ट कुणाकडंच नव्हता. ही बाब वैजनाथच्या ध्यानात नव्हती असं नाही. त्याला फक्त बन्सीला आपण देशाबाहेर आहोत असं वाटायला हवं होतं.

"इमान कवा?" छबूबाईनं विचारलं.

"व्हिसाचं काम चालू हाय काकू. तवर फोटू काढून घिऊ."

वैजनाथचा पुतण्या अंगद, त्यानं फ्लेक्स छापून आणला होता. निळा समुद्र, माड, पांढरी वाळू. कडेला ऊस दिसत होता, पण वैजनाथनं त्याचाही विचार केला होता. मॉरिशसमध्ये ऊसच ऊस, हे अलीमनं सांगितलं होतं. म्हणून तर मॉरिशस.

फक्त फ्लेक्स छापणाऱ्याला शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स माहीत नव्हता. लाटांच्या खाली त्यानं वैजनाथदादा युवा मंचाचे सात जण हात जोडून उभे केले, आणि कोपऱ्यात आपल्या दुकानाचं नाव टाकलं, देवळाली प्रवराच्या पत्त्यासकट.

"आरं, समिंदरात अंगद काय करतुय?" छबूबाई म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही. फ्लेक्सवर आपला फोटो आहे यात खटकण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. फोटो गावाच्या ग्रुपवर गेला.

बन्सीनं तो बोटांनी मोठा करून वाचला.

दुसऱ्या दिवशी मटणाच्या पंगती बसल्या होत्या, तेव्हा उसातून दोन जीप आत आल्या. बन्सीनं उतरताच टिकावाचा दांडा अंगदच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फ्लेक्सवरचा अंगद हात जोडून बघत होता. वैजनाथच्या एका मेंबरानं रश्श्याचं पातेलं उचलून समोरच्याच्या तोंडावर ओतलं. त्या माणसाच्या गालाची कातडी त्याच्याच हातात आली. मग कोयते निघाले. कुणाची तरी दोन बोटं पत्रावळीवर पडली, आणि ती कुणाची हे पाहायला कुणी थांबलं नाही.

"मी नुस्ता डायव्हर हाय," अलीम दोन्ही बाजूंना सांगत होता. दोन्ही बाजूंना ते पटलं. तरी दोन्ही बाजूंनी त्याला मारलं. पुढचे दात गेले, गाडीची काच गेली.

छबूबाई फ्लेक्सला पाठ लावून उभी होती. बन्सीनं तिचा उजवा हात धरला. भावकीतला दीर, बोलणं अदबीचं. "वैनी, चला घरी."

वैजनाथनं डावा धरला. "काकू कुठं जात न्हाईत."

"सोडा रं, माजा हात," ती म्हणाली. दोघांनीही दुसऱ्यानं आधी सोडावा म्हणून ओढलं. पेर मोडल्यासारखा आवाज झाला आणि उजवा खांदा निखळला. बन्सी दचकून मागं पडला. वैजनाथला वाटलं आपण जिंकलो. त्या आनंदात त्यानं जो हिसका दिला त्यात डावं मनगट गेलं. छबूबाई फ्लेक्ससकट खाली आली. पांढऱ्या वाळूवर कुणाचं तरी रक्त पसरत लाटांपर्यंत गेलं.

नगरच्या दवाखान्यात तिचा एक हात छातीशी बांधला, दुसरा प्लास्टरमध्ये घातला. निवड हात वर करून व्हायची होती. आधी वैजनाथ सफरचंदं घेऊन आला. "काकू, मी दंडाला खालनं आधार देतो. हात वर झाल्याशी मतलब."

मग बन्सी मोसंबी घेऊन आला. त्याच्याकडंही तीच युक्ती होती.

"समिंदर?" तिनं दोघांना विचारलं.

"निवडीनंतर," दोघं म्हणाले.

निवडीच्या सकाळी वैजनाथनं तिला न्यायला अलीमला पाठवलं. पुढच्या काचेच्या जागी प्लास्टिक लावलं होतं, ते फडफडत होतं. नगर सोडल्यावर एक रस्ता दौंडाकडं जातो, गावाचा. दुसरा पुण्याकडं.

"अलीम, तू पांढरी वाळू सांगितल्ती."

"व्हय मावशी."

"दाव मग. ह्यांनी समिंदर दावला न्हाई, मला कुनाचं काय देनं न्हाई."

अलीमनं जिभेनं पडलेल्या दातांची जागा चाचपली, वैजनाथचा फोन वाजत होता तो बंद केला आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला घातली.

गावात चाराला चार झाले. चिठ्ठी काढायचं ठरलं, आणि चिठ्ठीचा डबा कुणी धरायचा यावरून खुर्च्या उडाल्या. त्यात वैजनाथचं डोकं फुटलं. डबाही फुटला. उपसरपंच त्या दिवशी झालाच नाही.

अलिबागची वाळू काळसर निघाली. लांबवर एक किल्ला आडवा होता. छबूबाई तशीच वाळूवरून चालत गेली, किल्ला एका बाजूला पडेपर्यंत. मग समोर फक्त पाणी उरलं. पल्याड काठ नव्हता, म्हैस नव्हती.

नमस्कार करायला हात उचलला जाईना. तिनं नुसती मान वाकवली.

"मॉरिशस कुनीकडं रं?"

अलीमनं समोर बोट केलं.

"ऱ्हाऊ दे तिकडंच," ती म्हणाली, आणि लाट पायावर येऊ दिली.