डबा माझा, किमची माझी

कोरियातल्या बुसान शहराच्या योंगदो भागातल्या बेचाळीस स्वयंपाकघरांत मी बसले आहे. फरशीवर मांडी घालून, वही उघडून, रेकॉर्डर चालू ठेवून. बायका तयार किमची, म्हणजे कोबीचं आंबट-तिखट लोणचं, विकत का घेतात आणि का घेत नाहीत, हे एका अन्नपदार्थांच्या कंपनीला जाणून घ्यायचं होतं. काम मिळालं आमच्या विद्यापीठातल्या ब्योन सरांना. घरोघर फिरले मी, त्यांची सहायक.

पहिले दोन महिने प्रत्येक घरात एकच उत्तर. "विकतची? छे! आमच्याकडे नाही चालत." मग एका दुपारी एका इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या सुनदोक मावशींनी तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि आत खुपसलेली सात-आठ रिकामी पाकिटं मला दाखवली.

नोव्हेंबरात त्यांच्या इमारतीतल्या बायका गच्चीवर कोबीचे ढीग घेऊन वर्षाची किमची घालायला बसत, तेव्हा मीठ किती, हे गेली तीस वर्षं सुनदोक मावशी सांगत. पण त्यांचं मनगट मोडलं आणि नीट जुळलंच नाही.

"बोटांत जोर राहिला नाही गं," त्या म्हणाल्या. "विकत आणते, माझ्या डब्यात भरते, वरून लसूण चेचून घालते. डबा माझा, किमची माझी! कुणाला सांगशील तर बघ."

"नाही सांगणार, मावशी. हे वाचा ना." मी कागद पुढे केला. तुमचं बोलणं गुप्त राहील, असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली सरांची सही.

त्या दिवसापासून मी बायकांना 'विकत घेता का' हे विचारायचं सोडलं आणि 'डबा कसा भरता' हे विचारू लागले. बेचाळीसपैकी सत्तावीस जणी पाकिटं लपवत होत्या. लाज किमचीची नव्हती, पाकीट दिसण्याची होती. अहवाल मी लिहिला, नाव सरांचं लागलं. त्याचं मला फार वाटलं नाही. आमच्याकडे तसंच चालतं. पण त्यांनी माझ्या वह्याही कंपनीला देऊन टाकल्या, जशाच्या तशा.

पुढच्या शरदात टीव्हीवर जाहिरात आली. मनगटाला पट्टी बांधलेली एक पिकल्या केसांची बाई पाकीट रिकामं करते, पिंपात लपवते आणि डोळा मारून म्हणते, "डबा माझा, किमची माझी!"

मावशींना ओळखायला इमारतीला एक दिवसही लागला नाही. मी धावत गेले तेव्हा मावशी घरात एकट्या बसल्या होत्या. वर गच्चीवर बायकांचा हशा चालला होता.

"वरून निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "'ताई, तुम्ही कशाला जिने चढता? तुमची किमची तर टीव्हीतून येते.'" मग त्या माझ्याकडे वळल्या. "सही तू दाखवली होतीस, पोरी."

त्यांनी मला साधं पाणीही विचारलं नाही.

मी थेट सरांकडे गेले. ते हसले. "अगं सोदाम, नाव कुठे घेतलंय त्यांनी? म्हातारी टीव्हीवर झळकली, अजून काय हवं तिला?"

मीही हसले. त्यांना कॉफी करून दिली. आणि कॉफी ढवळतानाच ठरवलं की या माणसाला मी चारचौघांत, त्याच्याच तोंडानं बुडवणार.

दोन वर्षं माझ्याइतकी आज्ञाधारक सहायक अख्ख्या विद्यापीठात नव्हती. सरांचे लेख मी लिहिले, भाषणं मी लिहिली. व्यासपीठावर चढेपर्यंत ते वाचायचेही नाहीत. मग आशियातल्या ग्राहकांचा अभ्यास करणाऱ्या एका परिषदेनं त्यांना पुरस्कार जाहीर केला. कशाबद्दल? तर संशोधकानं स्वतः लोकांच्या घरात जाऊन बसण्याबद्दल.

"भाषणात जरा घरगुती आठवणी टाक," सर म्हणाले. "लोक विरघळतात."

"टाकते, सर."

परिषदेचं आमंत्रण घेऊन मी योंगदोला गेले.

"पुन्हा कागद?" मावशींनी दारातच विचारलं.

"या वेळी बोलायचं तुम्ही. आणि सगळ्यांसमोर."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आधी एक सांग. गच्चीवरच्यांपैकी पाकिटं कोण कोण आणतं?"

मला सगळी नावं पाठ होती. सांगावंसं फार वाटलं. पण मी मान खाली घातली आणि गप्प बसले.

"इतक्या जणी?" मावशी म्हणाल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खो खो हसल्या. "बरं, काय घालून येऊ?"

हॉटेलचं सभागृह भरलेलं होतं. सर भरल्या गळ्यानं वाचत होते, "सुनदोक मावशींच्या अंगणात, त्या झाडाच्या सावलीत, त्यांनी मला स्वतःच्या हातानं घास भरवला…"

प्रश्नांची वेळ झाली तशी जांभळ्या जाकिटातल्या मावशी उठल्या. "मी सुनदोक."

टाळ्या पडल्या. सरांनी हात पसरले. "अरे वा, आमच्या मावशी! किती वर्षांनी भेटतोय!"

"पहिल्यांदाच भेटतोय," मावशी म्हणाल्या. "मी चौथ्या मजल्यावर राहते. अंगण कुठलं हो?"

"म्हणजे… इमारतीच्या खाली…"

"खाली गाड्या लागतात. आणि या मनगटानं मी पोटच्या लेकालाही घास भरवू शकत नाही. तुम्ही कोण लागून गेलात?" हशा पिकला. त्यांनी पिशवीतून तो जुना कागद काढला. "ही सही तरी तुमची ना? मग माझं बोलणं टीव्हीवर कसं गेलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. जपानहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "मग मुलाखती घेतल्या कुणी?"

मी उभी राहिले. "मी. सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे."

पुरस्कार त्याच संध्याकाळी मागे घेतला गेला. विद्यापीठानं चौकशी नेमली आणि वसंतापर्यंत सरांची खुर्ची गेली. माझीही नोकरी गेली. भाषणात खोटं लिहिणारी सहायक कुणाला हवी असते? कंपनीनं जाहिरात बंद केली, पण पाकिटं पूर्वीपेक्षा जास्तच खपतात.

सरांचा एकदा फोन आला होता. "एका म्हातारीपायी तू माझं आयुष्य धुळीला मिळवलंस."

"हो, सर," मी म्हटलं. ते पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी फोन ठेवला. हल्ली ते देगू शहरातल्या एका शिकवणीत मुलांना शिकवतात, खूप वाकलेत, असं कानावर येतं. वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

परिषदेनंतरच्या नोव्हेंबरात गच्चीवरच्या बायका मावशींना किमची घालायला बोलवायला दोनदा खाली आल्या. मावशींनी दार उघडलं, त्यांना बसवलं, चहा दिला, आणि वर काही गेल्या नाहीत.